बघणाऱ्याची खोली

१

संग्रहालयाचं दार लोकांसाठी उघडण्याआधी आश्लेषा सगळ्या दालनांतून एकदा फिरून यायची. दिवे लावायचे, काचांवरचे बोटांचे ठसे पुसायचे, कुठे काही हललं-बिललं नाही ना ते बघायचं आणि खाली येऊन काउंटरवर बसायचं. शिकागोच्या उत्तरेला एका कॉलेजचं ते छोटंसं संग्रहालय. वर्क परमिट हातात आल्यावर मिळालेली ही तिची अमेरिकेतली पहिली नोकरी. नागपुरात तिने शाळेत इतिहास शिकवला होता. "इथे निदान कुणी उलट बोलत नाही," असं ती देवदत्तला, नवऱ्याला, गमतीने सांगायची.

त्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावर रशियन चित्रकारांचं प्रदर्शन लागलं होतं. सत्तरच्या दशकातल्या मॉस्कोत ज्यांना कुठल्याच सरकारी दालनात जागा मिळाली नाही, ज्यांनी आपली कामं एकमेकांच्या घरात मांडली, अशा लोकांचं. बघायला यायची ती मोजकी ओळखीची माणसं.

"प्रेक्षक इतके कमी होते ना, की प्रेक्षकच प्रेशस झाला," इला सांगायची. इला प्रदर्शनाची क्युरेटर. जन्म न्यू जर्सीचा, आईवडील साताऱ्याचे. आश्लेषाशी ती हट्टाने मराठीत बोलायची. "मग त्यांनी काय केलं, त्यालाच आर्टमध्ये घेऊन टाकलं. बघणाऱ्याला."

शेवटच्या दालनात झारुबिन नावाच्या चित्रकाराने केलेली एक खोली होती. खरीखुरी, चार भिंतींची, बऱ्याच कुटुंबांनी मिळून राहायच्या जुन्या मॉस्कोतल्या घरातली असावी तशी. कमरेपर्यंत हिरवा तेलरंग, वर चुना, छताला लोंबणारा उघडा बल्ब. मधोमध एक लाकडी खुर्ची आणि तिच्यासमोर भिंतीवर पांढरा रंग दिलेलं हार्डबोर्ड. कोरं. दार बाजूला, कायम कुलूपबंद. लोकांनी दालनात उभं राहून एका काचेतून आत बघायचं. दिसायचं काय, तर पाठमोरी रिकामी खुर्ची आणि तिच्यापुढचं कोरं चित्र. काचेशेजारी पाटी होती: 'लाकूड, तेलरंग, बल्ब, प्रेक्षक.'

पाटी वाचून लोक हसायचे आणि पुढे जायचे.

पहिल्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ कोट चढवत काउंटरपाशी थांबले. "तुमचा तो नट कमाल आहे हं," ते म्हणाले. "अवघडत नाही का त्याला?"

"कुठला नट?"

"वरचा. खुर्चीतला. पण त्याला जरा जाड कोट द्या. तो राखाडी कोट अगदीच विटलाय, आणि बिचारा थंडीने आखडून बसलाय."

ते गेल्यावर आश्लेषा वर जाऊन आली. खुर्ची रिकामी होती.

२

एकाच्या डोक्यातला गोंधळ म्हणून तिने ते सोडून दिलं असतं. पण मग एका बाईने विचारलं, तो माणूस जेवायला कधी जातो? एक मुलगा आईचा हात ओढत म्हणाला, तो अंकल श्वास घेतो, मी पाहिलं. सगळ्यांना दिसायचा असं नाही. जे काचेपाशी बराच वेळ रेंगाळायचे त्यांनाच. आणि सगळ्यांच्या बोलण्यात राखाडी कोट असायचाच.

तिने इलाला सांगितलं. इला खूश झाली.

"अगं, वर्क होतंय ते! पाटीवर 'प्रेक्षक' लिहिलंय, समोर रिकामी खुर्ची आहे. माइंड फिल्स इट. ब्रेन स्वतःच बसवतो कुणालातरी."

"पण सगळ्यांचा ब्रेन एकच कोट कसा घालतो?"

"रशियन म्हटलं की राखाडी कोट, यार. दुसरं काय सुचणार?"

हे आश्लेषाला पटलं. पटवून घेतलं म्हणा. ती स्वतः सकाळच्या शांततेत काचेसमोर उभी राहून बघायची आणि तिला कधीच काही दिसलं नाही. रिकाम्या दालनात हीटरची घरघर, आणि खोलीतल्या बल्बचा कानाच्या अगदी टोकाला लागणारा बारीक आवाज. बस्स.

एकच गोष्ट तिला खटकायची. आठवड्यातून एकदा ती कुलूप उघडून आतली धूळ झटकायची. बल्बवर धूळ असायची, दाराच्या चौकटीवर असायची, खुर्चीच्या पाठीवर, पायांवर असायची. बैठकीवर नसायची. बोट फिरवलं तर बोट स्वच्छ.

कपड्याने धूळ पुसली जाते, हे तिला ठाऊक होतं. त्याच्यापुढे ती विचार करायची नाही.

३

जानेवारीत तिच्या सासूबाई आल्या. उल्काताईंची नजर हा घरातला एक स्वतंत्र विषय होता. त्यांच्या डोळ्यांतून काही सुटायचं नाही. डब्याचं झाकण दुसऱ्या डब्याला लागलंय, देवदत्तच्या शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलंय, आशूचा, म्हणजे आश्लेषाचा, चेहरा उतरलाय. हे शेवटचं त्या इतरांसमोर म्हणायच्या नाहीत. नुसता आल्याचा चहा पुढ्यात ठेवायच्या. पण बाकीचं सगळं म्हणायच्या. आश्लेषाला आपल्याच स्वयंपाकघरात परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं.

मोठ्या बर्फाच्या वादळाआधी एके दिवशी घरातलं हीटिंग बंद पडलं. देवदत्त ऑफिसात, आठ वर्षांची निधी शाळेत. सासूबाईंना गारठ्यात कुठे ठेवायचं, म्हणून आश्लेषा त्यांना सकाळी बरोबर घेऊन आली. जांभळी शाल, हातात पर्स, पायांत मोजे आणि त्यावर चपला. प्रत्येक चित्रापाशी थांबून उल्काताई काहीतरी शोधून काढत होत्या. "याची चौकट वाकडी आहे बघ."

शेवटच्या दालनात बल्ब लुकलुकत होता. आश्लेषाने कुलूप उघडलं, स्टूल ठेवलं आणि बल्ब बदलायला चढली. उल्काताई मागोमाग आत आल्या.

"खोलीत खोली काऊन केली यांनी?"

"आर्ट आहे आई ते."

"असेल बाई."

नवा बल्ब लागला. आश्लेषाने खाली पाहिलं तर उल्काताई खुर्चीत बसल्या होत्या, पर्स मांडीवर, तोंड कोऱ्या फळ्याकडे.

"अहो आई! तिथे बसायचं नसतं."

"गुडघे भरून आले गं. त्यांनी उठून जागा दिली म्हणून बसले."

"कुणी?"

उल्काताईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. त्या समोर बघत होत्या. त्यांची मान किंचित डावीकडे कलली होती, भाजीवाल्याकडची वांगी पारखताना कलायची तशी. आश्लेषाने त्यांना आजवर कुठल्याच वस्तूकडे इतका वेळ, काहीही नाव न ठेवता, बघताना पाहिलं नव्हतं. तिला गंमत वाटली. मग गंमत ओसरली.

"आई, चला. उघडायची वेळ झाली."

तिने त्यांच्या कोपराला धरून उठवलं. त्या लगेच उठल्या, अगदी सहज, गुडघ्यांवर हात न टेकता.

४

पहिले काही दिवस आश्लेषाला चक्क बरं वाटलं. झाकणं चुकली तरी कुणी बोलत नव्हतं. गॅसचा ओटा पुसायचा राहिला, तरी चालून गेलं. उल्काताई शांत झाल्या होत्या. विचारलं तर उत्तर द्यायच्या, वाढलं तर जेवायच्या, टीव्हीसमोर बसवलं तर बसायच्या.

"रुळली आई," देवदत्त म्हणाला. "ॲडजस्ट झाली एकदाची."

मग एका शनिवारी निधी स्वयंपाकघरात आली. हातात चित्राचा कागद, ओठ बाहेर काढलेला.

"मम्मा, आजी इज नॉट लुकिंग."

"दमली असेल रे राजा."

"नो. मी तिला ड्रॉइंग दाखवलं. शी सेड छान. मग मी बॅक साइड दाखवली." तिने कागद उलटा करून दाखवला. मागची बाजू कोरी होती. "शी सेड छान."

आश्लेषा बाहेर गेली. उल्काताई सोफ्यावर होत्या. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्यांच्या डोळ्यांत बघू लागली. डोळे उघडे होते, ओले होते, मध्येच मिटत होते. पण तिच्या चेहऱ्यावर येऊन ते कुठे अडकत नव्हते. पाटावरून पाणी ओघळावं तशी नजर तिच्यावरून ओघळून सोफ्याच्या हातावर गेली, तिथून भिंतीवर.

"आई, मी कशी दिसतेय?"

"छान," उल्काताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी डोळे तपासले, डोक्याचा स्कॅन काढला. सगळं व्यवस्थित. या वयात देश सोडून आलं की होतं, ते म्हणाले. रविवारी त्यांना डेव्हन ॲव्हेन्यूला, देशी दुकानांच्या रस्त्यावर, नेलं. तिथे गेल्यावर तरी फुलतील, असं देवदत्तला वाटत होतं. गेल्या खेपेला भेंडीचं एकेक टोक मोडून बघितल्याशिवाय त्यांनी पाव किलोसुद्धा घेतली नव्हती. दुकानदार वैतागून हसला होता. यावेळी त्यांनी हाताला लागेल ती भेंडी पिशवीत भरली. जून, किडकी, काळी पडलेली. देवदत्त ट्रॉली सोडून बघत उभा राहिला.

बाहेर आल्यावर तो गाडी आणायला गेला आणि आश्लेषा पिशव्यांची गाठ मारत होती. तेवढ्यात उल्काताई फुटपाथवरून खाली उतरल्या. समोरून बस येत होती. ती त्यांना दिसत नव्हती असं नाही. त्यांचं तोंड बसकडेच होतं. आश्लेषाने शाल धरून त्यांना मागे खेचलं. बसच्या हॉर्नने सगळा रस्ता वळून बघायला लागला.

उल्काताईंच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काहीच नव्हतं.

५

"तुम्ही माणूस बदललात ते बरं केलंत," संग्रहालयाची एक जुनी सभासद बाई काउंटरशी म्हणाली. ती दर आठवड्याला यायची. "ही आजी जास्त जिवंत वाटते."

आश्लेषाच्या हातातलं पेन थांबलं. "कोण आजी?"

"तुमच्याकडचीच असेल ना? भारतातली? जांभळी शाल, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. तो आधीचा माणूस हरल्यासारखा बसायचा. ही मात्र सारखी कुठल्याही क्षणी मागे वळेल असं वाटतं. वळत नाही." बाईंनी हातमोजे चढवले. "तिला मध्ये मध्ये सुट्टी देता ना?"

आश्लेषा वर धावली नाही. जिन्याच्या कठड्याला धरून ती उभी राहिली आणि स्वतःशी वाद घालत राहिली. आईंना त्या दिवशी कुणीतरी येताना पाहिलं असेल. बाईंनीच पाहिलं असेल. ब्रेन बसवतो कुणालातरी. पण त्या दिवशी संग्रहालय उघडायच्या आत तिने आईंना खालच्या स्टाफच्या खोलीत नेऊन बसवलं होतं, आणि त्या दिवशी मंगळवार होता. ही बाई नेहमी गुरुवारी यायची.

दुपारी स्टाफच्या खोलीत इला डबा खात होती. "एक वीअर्ड गोष्ट सांगू? झारुबिनच्या वाइफचा फोन आला होता. नव्वदीच्या असतील. खूप रडत होत्या, आनंदाने. त्यांचा भाऊ क्लीव्हलंडला नर्सिंग होममध्ये आहे. कित्येक वर्षं कुणाला ओळखत नव्हता. डोळे उघडे, पण, यू नो, नोबडी होम. आणि एकदम त्याने बहिणीकडे बघितलं. नावाने हाक मारली."

"छान झालं," आश्लेषा म्हणाली. आपल्याच तोंडून तो शब्द ऐकून ती दचकली.

"हो ना. ही खोली बांधली तेव्हा पहिल्यांदा तोच बसला होता म्हणे खुर्चीत. टेस्ट म्हणून. मग त्यांनी एकदम मला विचारलं, 'कोण बसलं?'"

"काय?"

"तेच. 'तुमच्याकडे कोण बसलं?' मी म्हटलं, कुणी नाही, मॅम, खोलीला कुलूप असतं. त्यांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला."

"कधी आला होता फोन?"

"बर्फाच्या वादळाच्या आधी ना. मी सांगायचंच विसरले तुला." इलाने डब्याचं झाकण लावलं. "पुअर थिंग. मी विचार करत होते त्यांना क्लोजिंगला बोलवावं. रविवार शेवटचा दिवस. मंगळवारी ती खोली उतरवायची आणि मग गोडाऊनला. कुणालाच नकोय ती. वर्षानुवर्षं बाहेर नाही निघणार."

६

शेवटच्या रविवारी दुपारपासून बर्फ भुरभुरत होतं. गर्दी ओसरली. आश्लेषा किल्ली घेऊन वर गेली.

आपण काय करणार ते तिने ठरवलेलं होतं. देवदत्तला सांगितलं नव्हतं, काय सांगणार? तुझी आई घरात सोफ्यावर आहे आणि इथेही आहे? पण सोफ्यावरच्या बाईंनी कालपासून पाणीही मागणं सोडलं होतं. दिलं तर प्यायच्या. मंगळवारनंतर ही खोली कुठल्यातरी अंधाऱ्या गोडाऊनमध्ये फळ्या-फळ्यांनी रचली जाणार होती, आणि तिथे बघायला कुणी येणार नव्हतं.

आधी ती काचेपुढे उभी राहिली. खुर्ची, फळा, बल्ब. ती थांबली. यावेळी ती धूळ किंवा ठसे शोधत नव्हती, म्हणूनही असेल. खूप वेळाने डोळ्यांत पाणी आलं, तिने पापणी मिटली आणि उघडली, आणि तेवढ्यात खुर्चीच्या पाठीच्या वर अंबाडा होता. पिन तिरकी खोचलेला. त्याच्या खाली, कानाच्या पाळीत, मोत्याची कुडी. मान डावीकडे कललेली. आणि पलीकडच्या कोऱ्या फळ्यावर काहीतरी होतं, ज्याच्याकडे ती मान कललेली होती.

पापणी पुन्हा लवली. खुर्ची रिकामी.

तिने कुलूप उघडलं. आत बाहेरच्यापेक्षा गार होतं. तिने बैठकीवर हात ठेवला. लाकूड उबदार होतं.

फक्त बसायचं. आई उठतील. त्या उठून जागा देतील, तशी त्यांना कुणीतरी दिली होती. मग आश्लेषा उठून घरी जाईल, आणि निधी तिला कागदाची मागची बाजू दाखवेल.

तिचे गुडघे वाकेनात.

"सॉरी, आत आलेलं चालतं का?"

दारात एक तरुण बाई होती. गालांवर थंडीची लाली, टोपीवर बर्फाचे कण, अंगावर निळा पार्का कोट. अमेरिकनच, पस्तिशीच्या आतली. "नवरा खाली आहे, स्ट्रोलर घेऊन. बाळ झोपलंय तेवढ्यात पळून आले," ती हळू आवाजात हसली. "कित्येक महिन्यांत एकटी कुठे बसलेच नाही मी. बसू शकते? जस्ट अ मिनिट?"

आश्लेषाने हो म्हटलं नाही. पुढे कितीही वेळा आठवलं तरी ती त्याबद्दल ठाम होती: हो म्हटलं नाही. ती फक्त खुर्चीपासून एक पाऊल बाजूला झाली.

बाई पुढे आली. बसण्याआधी ती क्षणभर थबकली आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "ओह, थँक यू." आणि बसली.

आश्लेषा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हिरव्या रंगावर ब्रशचे केस चिकटून वाळलेले होते. ती ते बघत राहिली. मागे बल्बचा बारीक आवाज एकदम बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला.

काही वेळाने बाई उठली, तिच्याजवळून गेली, दालन ओलांडून जिना उतरली. आश्लेषा कठड्यापर्यंत गेली. खाली नवरा स्ट्रोलर मागेपुढे हलवत होता. बाळ जागं झालं होतं, आईला बघून त्याने दोन्ही हात वर केले. बाई स्ट्रोलरपाशी थांबली. तिने खाली पाहिलं, म्हणजे मान खाली केली. मग कोटाची चेन लावली.

नवरा काहीतरी विचारत होता. बाळाचे हात अजून वरच होते.

७

पार्किंगमध्येच देवदत्तचा फोन आला. तो हसत होता की रडत होता ते कळेना. "आशू, लवकर ये. आई बोलतेय! मला म्हणाली, दाढी का वाढवली, किती वाळलास!"

घरात सगळे दिवे लागले होते. निधी आजीच्या मांडीवर बसली होती आणि उल्काताई तिच्या वहीतलं एकेक चित्र डोळ्यांपुढे धरून बघत होत्या. "घोड्याचे पाय असे असतात का गं? हा तर खुर्चीसारखा उभा आहे." निधी खिदळत होती. आश्लेषा दारात बूट काढता काढता रडली. देवदत्तने तिला मिठी मारली. खिचडी टाकू का, असं त्याने विचारलं. तूप जास्त घाल, उल्काताई सोफ्यावरून म्हणाल्या.

जेवणानंतर त्या स्वयंपाकघरात तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आशू, ती कोण होती?"

"कोण, आई?"

"मी उठले तेव्हा आली ती. निळ्या कोटाची. मी तिला म्हटलं, बसू नको बाई, तुझं लेकरू खाली आहे. तिला वाटलं मी जागा देऊन राहिले. थँक्यू म्हणाली." उल्काताईंनी ओट्यावरचा हात काढला नाही. "बसल्याबरोबर तिला कळलं. मग ती सारखं एकच विचारत होती, माझं बाळ कुठाय. तिथून बाळ दिसत नाही ना."

आश्लेषा नळ चालू ठेवून उभी होती.

"तिथून काय दिसतं, आई?"

"ते नको विचारू." त्या खुंटीपाशी गेल्या, शाल घेतली. "चल. गाडी काढ. तिला उठवून येऊ."

"आणि मग तिथे कोण बसेल?"

"मी बसते ना. माझं काय बघायचं राहिलंय आता?"

बाहेर देवदत्त आणि निधी कशावरून तरी हसले. खोली मंगळवारपर्यंत उभी असणार होती. किल्ली आश्लेषाच्या पर्समध्ये होती.

"ती खोली मोडली, आई," ती म्हणाली. "आजच उतरवली. आम्ही निघालो तेव्हा ट्रक गेलासुद्धा."

उल्काताईंनी तिच्याकडे पाहिलं. इतके आठवडे ज्या नजरेसाठी ती तळमळली होती ती नजर आता तिच्या चेहऱ्यावर नीट, पूर्ण, थांबली होती. डाव्या डोळ्यावरून उजव्यावर गेली, ओठांवर आली, परत डोळ्यांवर. आश्लेषाला खाली बघावंसं वाटत होतं आणि बघता येत नव्हतं.

मग उल्काताईंनी शाल परत खुंटीला लावली, चुण्या न पाडता, आणि बाहेर जाऊन बसल्या.

भारतात परत जाईपर्यंत त्यांनी आश्लेषाला एका शब्दाने टोकलं नाही. झाकण चुकलं म्हणून नाही, मीठ कमी पडलं म्हणूनही नाही.

८

एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावर जपानी भांड्यांचं प्रदर्शन लागलं. खोलीचे खोके इंडियानातल्या कुठल्याशा गोडाऊनमध्ये गेले होते. इलाने एकदा त्यांचा फोटो दाखवला होता. आश्लेषाने तो बघितल्यासारखं केलं होतं.

एका लख्ख दुपारी एक माणूस स्ट्रोलर ढकलत आत आला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. तिकीट घेण्याऐवजी तो काउंटरपाशी उभा राहिला.

"तुमच्याकडे हरवलेल्या वस्तू ठेवतात का?"

"हो, ठेवतो ना. काय हरवलंय?"

त्याने स्ट्रोलरचा ब्रेक लावला. "माझी बायको आली होती. हिवाळ्यात, शेवटच्या रविवारी. मला वाटतं तिचं काहीतरी इथे राहिलंय."

"म्हणजे... हातमोजा? टोपी?"

"नाही. टोपी आहे." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "ती म्हणते काही हरवलं नाही. तिला विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणते. डॉक्टरही तेच म्हणतात. मी वेड्यासारखा बोलतोय, मला माहितीये. पण इथे येण्याआधी सगळं... आम्ही इथून निघालो आणि गाडीत बसेपर्यंत..." त्याने जिन्याकडे पाहिलं. "तुम्ही त्या दिवशी इथे होतात का?"

"मी?" आश्लेषा म्हणाली. "मला आठवायला हवं."

"तुम्ही फक्त एकदा बघाल का? तुमच्याकडे जे काही असेल त्यात?"

ती उठली. मागच्या कपाटातला हरवलेल्या वस्तूंचा खोका काढून तिने काउंटरवर ठेवला. छत्र्या, एक चष्मा, मुलांच्या बाटल्या, एकेकटे हातमोजे. माणूस त्यात हात घालून हळूहळू एकेक वस्तू बाजूला करू लागला, जणू तळाशी ती असू शकेल.

स्ट्रोलरमधलं बाळ जागं होतं. आता ते बसायला शिकलं होतं. ते आश्लेषाकडे बघत होतं. लहान मुलं बघतात तसं, न लाजता, न हसता, पापणी न हलवता. ती खोक्याकडे वळली, कॉम्प्युटरकडे वळली, दाराकडे वळली. दर वेळी परत पाहिलं तर ते तिच्याचकडे बघत होतं.

"यात नाहीये," माणूस म्हणाला.

"नाही," आश्लेषा म्हणाली. "काही सापडलं तर कळवू आम्ही."

त्याने मान हलवली. तो लगेच गेला नाही. खोक्यातल्या वस्तू त्याने एकेक करून परत आत ठेवल्या, आणि सगळा वेळ ते बाळ तिच्याकडे बघत होतं.